टीपेट

आमच्या कॅम्पात हाशिर परकारला हाशिर म्हणून हाक मारणारा मी एकटाच. बाकी सगळे त्याला टीपेट म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, ह्याला पोटाचा काहीतरी विकार असावा. यूपीवाले तर रोज सकाळी ‘पेट कैसा है चाचा’ असं विचारून मगच बसमध्ये चढतात. पहिली चौदा वर्षं माझाही तोच समज होता. विचारायची तसदी मी घेतली नाही. कॅम्प ऑफिसात बसणाऱ्याने आपणहून कुणाला काही विचारू नये, हे मी फार लवकर शिकलो होतो. विचारलं की अर्ज येतो.

मी शंकर, देवरुखचा. रियाधच्या टोकाला अल सुलैला आमच्या कंपनीचं यार्ड आहे. परांचीच्या फळ्या, पाइप, क्लॅम्प, शिड्या यांचे डोंगर, आणि त्यांच्यामागे आमच्या राहण्याच्या खोल्या. तिथल्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं क्लार्क आहे. माझं काम एवढंच, की लोकांचे अर्ज घ्यायचे, नंबर टाकायचा, हेड ऑफिसला पाठवायचे, आणि वरून आलेलं उत्तर अर्जदाराच्या हातात द्यायचं. वरून उत्तर आलं नाही, तर मी स्वतः एक तयार करायचं. बहुतेक वेळा दुसरंच करावं लागतं. त्यासाठी मी इंग्रजीत एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. मराठीत सांगायचं तर, ‘सदर विषयाबाबत कंपनीने यापूर्वी केलेल्या खुलाशाकडे अर्जदाराचे लक्ष वेधण्यात येत आहे, वेगळ्या कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ या वाक्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही आणि कुणाला काही दिलेलंही नाही. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा कुणाला मिळालं असेल तर हाशिरला. तो यार्डाचा स्टोअरकीपर, वय छप्पन, दाभोळच्या खाडीकडचा. पाना नेला तर सही, पाना आणला तर सही. एकदा खुद्द साइट इंजिनिअरला त्याने सहीवाचून टेप दिली नव्हती. अर्ज मात्र तो स्वतःसाठी क्वचित लिहायचा. बसथांब्यावर सावली नाही, संडासाच्या दाराला कडी नाही, केरू गवंड्याला चष्मा बदलायला जायचं आहे, अशा सगळ्यांच्या अर्ज्या तोच लिहायचा. ‘अर्जी’ हा त्याचा शब्द. डावीकडे दोन बोटं समास, परिच्छेदांना आकडे, शेवटी ‘आपला नम्र अर्जदार’. कडी तीन वर्षांनी बसली. सावली अजून यायची आहे. मी एकदा वैतागून म्हटलं होतं की हाशिरभाई, उत्तर काय येणार ते तुम्हाला माहीत असतं, मग कशाला हात दुखवून घेता? त्यावर तो म्हणाला होता की उत्तराचं ते बघतील, आपला नंबर पडला पाहिजे.

या वर्षी पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी अर्जी दिली. त्याला घरी जायचं होतं.

त्याची आई शरफुन्निसा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दीड वर्षापासून तिचं विसरणं वाढत गेलेलं. हाशिरची बायको कुबरा रोज दुपारी तिच्या कानाला फोन लावायची. कधी ती मुलाला ओळखायची, कधी त्याला ‘बाबा’ म्हणायची, म्हणजे तिच्या स्वतःच्या बापाला. पण ओळखो न ओळखो, विचारायची एकच गोष्ट. “फाटक झालं काय?” आणि हाशिर रोज सांगायचा, “नाय झालं, आई.” दापोलीच्या डॉक्टरने कुबराला सांगितलं होतं की आता आहे ही ओळख महिना-दोन महिन्यांची, ज्याला भेटायचंय त्याने येऊन भेटावं.

पण हाशिर इंतिदाबवर होता. हा आमच्याकडचा शब्द. माणसाला तात्पुरतं दुसऱ्या साइटवर पाठवलं की तो इंतिदाबवर गेला म्हणायचं. कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद होते, आणि इंतिदाब संपल्याची नोंद होईपर्यंत सुट्टी मिळत नाही. हाशिरला अबकैकच्या तेल कारखान्यात शटडाऊनसाठी, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीसाठी नेमलं होतं. तिथलं काम पुढे पुढे ढकललं गेलं, त्यामुळे माणूस अल सुलैच्या स्टोअरमध्ये पाने मोजत बसलेला आणि कागदावर मात्र चार महिने अबकैकला. गेलाच नव्हता, तर परत येणार कुठून? त्याची पहिली अर्जी नामंजूर झाली. दुसरीला वरून उत्तरच आलं नाही, तेव्हा मी माझं वाक्य टाइप केलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

त्याने ते वाचलं आणि तो हसला. रागाने नाही, ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बंदीत, उन्हामुळे यार्डातलं काम तीन वाजेपर्यंत थांबलेलं असताना, तो एक जाड प्लास्टिकची फाइल घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसला. केरूही मागोमाग आला, कारण ऑफिसातला एसी चांगला आहे.

फाइलमध्ये दोनच कागद होते, दोन्ही इंग्रजी, दोन्ही पिवळे पडलेले. त्याचा नाना, म्हणजे आईचा बाप, आफ्रिकेत टांगानिकाला सुतार होता. टांगा नावाच्या बंदरात रेल्वेच्या कामावर. केरूने लगेच म्हटलं, म्हातारी टांग्यात जन्मली होय. हाशिरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो मला समजावत होता की पहिल्या लढाईनंतर तो मुलूख जर्मनांकडून काढून इंग्रजांकडे सांभाळायला दिला होता. दुसऱ्या लढाईनंतर युनोने एक विश्वस्त मंडळ नेमलं. राज्य इंग्रजांनीच करायचं, पण मालक म्हणून नाही. लोक आपला कारभार आपण करायला लागेपर्यंत राखायचं, आणि राखतात कसे यावर मंडळाने नजर ठेवायची. दर तीन वर्षांनी मंडळाची माणसं फिरायला येत. आणि तिथल्या कुणालाही, अगदी सुतारालाही, थेट न्यूयॉर्कला अर्जी पाठवता येत असे. टांगानिकाच्या अर्ज्यांवर ‘टी/पेट.२’ असा छाप आणि पुढे आकडा पडायचा. टी म्हणजे विश्वस्त मंडळ, पेट म्हणजे पिटिशन, दोन म्हणजे टांगानिका. एवढं ऐकून मी केरूकडे बघितलं आणि केरूने माझ्याकडे. चौदा वर्षं आम्ही ह्या माणसाच्या पोटाची चौकशी करत होतो.

नानाची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा शरफुन्निसा पाच वर्षांची होती. कबरस्तान रेल्वेच्या वखारीच्या मागे होतं. पुढच्या वर्षी रेल्वेने तिथून एक जादा रूळ नेला आणि कडेने तारेचं कुंपण घातलं. कबरीकडे जायची पायवाट बंद झाली; वळसा घालायचा तर दीड मैल, आणि तोही साहेबाच्या बंगल्याच्या आवारातून, जिथे ह्यांना जाऊ देत नसत. नाना मुलीला घेऊन शुक्रवारी कुंपणापाशी उभा राहायचा आणि तिथूनच फातिहा पढायचा. चोपन्न साली मंडळाची माणसं आली, तेव्हा त्याने अर्जी दिली. तिची नक्कल म्हणजे त्या फाइलमधला पहिला कागद. मागणी एका फाटकाची होती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की लाकूड अर्जदाराचं, मजुरी अर्जदाराची, फाटक तो स्वतः करील आणि स्वतः बसवील. फक्त परवानगी असावी.

हाशिर म्हणाला, “चार देशांची माणसं आली व्हती, शंकर. त्यातला एक हाफ पँटवाला कुंपणापर्यंत चालत गेला, तारेला हात लावून बघितलंन, वहीत लिवलंन, आणि नानांचा हात हातात घेतलान. आईला ते अजून आठवतं. माझं नाव आठवत नाय, पण त्याचे गुडघे लाल झाले व्हते ते आठवतं.”

दुसरा कागद म्हणजे उत्तर. दीड वर्षाने आलेलं. मी ते वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. मंडळ प्रशासन करणाऱ्या सत्तेच्या खुलाशाकडे अर्जदाराचे लक्ष वेधत होते. मंडळाने वेगळी शिफारस करण्याची आवश्यकता नव्हती. माझंच वाक्य, माझ्या जन्माच्या आधी, न्यूयॉर्कहून टाइप होऊन आलेलं. कुणी शिकवलं नव्हतं मला ते. टेबलामागे बरीच वर्षं बसलं की आपोआप सुचत असावं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी एसीचं तापमान उगाच कमी केलं.

नानाने तरीही मंडळाची माणसं आली की दर खेपेला अर्जी दिली. एकसष्टला टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा त्याने नव्या सरकारलाही दिली. बासष्टला तो मुलीला घेऊन कोकणात परत आला. गावात बोटीने आलेल्या सामानापेक्षा हा न्यूयॉर्कचा कागदच जास्त गाजला, आणि घराला टीपेट हे नाव पडलं. मी मोबाइलवर शोधलं तर त्या मंडळाच्या देखरेखीखालचे सगळे मुलूख केव्हाच मोकळे झालेत. शेवटचं बेटही चौऱ्याण्णव सालीच. मंडळ मात्र बरखास्त नाही, फक्त कामकाज स्थगित आहे. न्यूयॉर्कला त्याचं सभागृहही आहे. केरू म्हणाला, मग पाठव की परत, हापीस चालू आहे त्यांचं. आणि हाशिर खरोखरच थोडा वेळ विचारात पडला.

शेवटी केरूनेच त्याला झापलं. म्हातारीला रोज नाय नाय काय सांगतोस, झालं म्हणून सांग आणि तिला मोकळी कर. हाशिर म्हणाला, “नानांनी चार वेळा लिवलं. एकदापण झालं असं कुणी लिवलं नाय. मी कशावर सांगू?”

तिसरी अर्जी नियमाने अरबीत द्यावी लागते. हाशिरने नेहमीच्या पद्धतीने ती इंग्रजीत लिहिली, फाटकाची हकीकत कळावी म्हणून नानाच्या अर्जीची नक्कल जोडली, आणि शुक्रवारी बथ्याच्या बाजारात जाऊन एका टायपिंगच्या दुकानातून सगळ्याचं अरबी करून आणलं. मी नंबर टाकून कागद वर पाठवला. काही होईल असं मला वाटत नव्हतं. माझं वाक्य मी आधीच टाइप करून ठेवायला घेतलं होतं, पण या खेपेला बोटं चालेनात, म्हणून ठेवून दिलं.

पाचव्या दिवशी मंजुरी आली. पंचेचाळीस दिवस सुट्टी. शेरा असा होता की इंतिदाब संपल्याचे अर्जदाराने कळवले आहे, नोंद बंद करण्यात आली आहे. मी चक्रावलो. हाशिरने असं काहीच लिहिलं नव्हतं. हेड ऑफिसचे कागद ने-आण करणारा आमचा सुदानी ड्रायव्हर पूर्वी शाळामास्तर होता. त्याला अरबी कागद दाखवला. त्याने दोन ओळी वाचल्या आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. टायपिंगवाल्याने दोन्ही कागद एकाखाली एक जोडून टाकले होते आणि त्यात नानाची अर्जी वर गेली होती. तिची सुरुवात होती, ‘मॅन्डेट संपला असून हा मुलूख आता विश्वस्त मंडळाकडे आला आहे.’ पहिल्या लढाईनंतर इंग्रजांना तो मुलूख ज्या करारावर सांभाळायला दिला होता, तो हा मॅन्डेट. आणि त्याला अरबीत म्हणतात इंतिदाब. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात तोच शब्द आहे, आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्येही तोच. हेड ऑफिसातल्या दमलेल्या माणसाने पहिलं वाक्य वाचलं होतं, ‘इंतिदाब संपला’. पुढचं वाचायची त्याला गरज वाटली नव्हती. मी त्याला नावं ठेवणार नाही. मीही तितकंच वाचतो.

ड्रायव्हरला मी गप्प राहायला सांगितलं. पण मंजुरीची प्रत हाशिरला द्यावीच लागली, आणि तो प्रत वाचल्याशिवाय राहणारा नव्हता. अक्षरं त्याला वाचता येतात, अर्थ त्याने कुणाकडून तरी लावून घेतला असणार. दुसऱ्या दुपारी बंदीच्या वेळी तो आला तो हातात नवीन अर्जी घेऊनच. दोन बोटं समास. विषय: नोंदीची दुरुस्ती.

“हे चुकीचं हाय, शंकर. माझा इंतिदाब संपलेला नाय. संपला तो नानांच्या मुलखाचा, सेहेचाळीस साली.”

“ही अर्जी मी घेत नाही.”

“घेत नाय म्हंजे? नंबर टाक. पायजे तर नामंजूर कर.”

एकोणीस वर्षांत मी कुणाचा कागद परत केला नव्हता. केराच्या लायकीचा असला तरी नंबर टाकला होता. तेवढीच माझी इमानदारी होती. मी म्हटलं, “हाशिरभाई, कुणी चुकून कुंपणाचं दार उघडं टाकलं असतं, तर नाना आत गेले असते, की दुरुस्तीची अर्जी लिहीत बसले असते?”

बाहेर पाइपांवर ऊन होतं, डोळे दिपतील असं. मग तो म्हणाला, “अर्जी लिवली असती नानांनी.” आणि थोड्या वेळाने, “पण आधी आत गेले असते.” कागद त्याने परत नेला नाही. माझ्या टेबलावर ठेवला आणि स्टोअरच्या चाव्या केरूच्या हातात देऊन, सही घेऊन, तो सामान बांधायला गेला. मी तो कागद खणात टाकला. त्याच्यावर नंबर नाही.

पोचल्यावर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज थकलेला. आईने पहिल्या दिवशी ओळखलं, दुसऱ्या दिवशी नाही. फोन केला त्या दिवशी सकाळी तिने त्याला ‘बाबा’ म्हणत फाटकाचं विचारलं, आणि तो म्हणाला, झालं. आयुष्यात पहिल्यांदा नोंद नसलेली गोष्ट सांगितली म्हणाला. मला बरं वाटलं. पण हाशिर पुढे म्हणाला, “ती इस्वास ठेवत नाय. म्हणते, कागद कुठाय? न्यूयॉर्कचा कागद दाखव.”

मी हसलो आणि मग हसू थांबलं, कारण तो माझ्याकडे काय मागतोय ते मला कळलं. नानाच्या कागदावर ‘टी/पेट.२’च्या पुढचा आकडा पाण्याने पुसला गेला होता. मी म्हटलं, नंबर तरी काय टाकू? फोनवर त्याने आईला विचारल्याचं ऐकू आलं. आणि जी बाई मुलाचं नाव विसरली होती, तिने तो आकडा घडाघडा सांगितला, पोरीने शाळेत पाढा म्हणावा तसा. तो मी इथे लिहीत नाही. तो त्यांच्या घरचा आहे.

मी कोरा कागद घेतला. कंपनीचं नाव नको होतं. इंग्रजीत टाइप केलं: ‘मंडळाचे कामकाज सध्या स्थगित असले तरी, अर्जदाराच्या वरील क्रमांकाच्या अर्जाचा विचार करण्यात आला आहे. कुंपणाला फाटक बसवण्याची मागणी मान्य. फाटक बसवण्यात आले असून ते सर्वांसाठी उघडे आहे. कळवण्यास झालेल्या उशिराबद्दल मंडळ दिलगीर आहे.’ ‘मान्य’ हा शब्द मी नोकरीत स्वतःच्या बुद्धीने कधी टाइप केला नव्हता. बोटांना तो सापडायला वेळ लागला. हे खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि त्या कागदाइतका खरा कागद मी आजवर बनवलेला नव्हता. सही नाही केली. रबरी शिक्का मारला, नुसता तारखेचा. फोटो काढून पाठवला. हेड ऑफिसला आमची चूक उद्या कळेल किंवा कधीच कळणार नाही. कळली तर या वेळी लक्ष माझं वेधलं जाईल.

पुढचं हाशिरने दोन दिवसांनी सांगितलं. त्याने दापोलीहून कागद छापून आणला आणि तिला कोकणीत वाचून दाखवला. तिने आकड्यावर बोट ठेवून खात्री करून घेतली. मग तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, तर मग चल, आईकडे जाऊन येऊ. एवढा पुढचा विचार ना त्याने केला होता ना मी. कुबराच म्हणाली, गावच्या कबरस्तानाला लोखंडी फाटक आहे, तिकडे न्या. रिक्षा करून दोघांनी तिला नेलं. बायका आत जात नाहीत, पण फाटकापर्यंत गेली तर कोण अडवतो. तिने फाटक हलवून बघितलं, बिजागरीला हात लावला आणि म्हणाली, बाबाचं काम नाय हे, बाबा असं ढिलं बसवणार नाय. मग तिथेच दगडावर बसून तिने फातिहा पढली. निघताना हाशिरने सवयीने फाटक ओढून घेतलं, तर तिने त्याचा हात धरला.

“उघडंच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “बंद झालं तर परत अर्जी कोण लिवणार?”